गोकाई: एका नावाखालचे तीन कृमी

जपानच्या क्यूशू बेटाला अरिआके नावाचा उथळ समुद्र बिलगलेला आहे. उधाणाच्या दिवसांत येथील भरती-ओहोटीतला फरक सुमारे 6 मीटरपर्यंत जातो आणि पाणी ओसरले, की मैलोन्‌मैल राखाडी चिखल उघडा पडतो. या चिखलात बोटभर लांबीचा, तांबूस-हिरवट अंगाचा एक सागरी कृमी बिळे करून राहतो. जपानी माणूस अशा कृमीला 'गोकाई' म्हणतो. गळाला लावण्याचे आमिष म्हणून तो मासेमाऱ्यांच्या ओळखीचा आणि जीवशास्त्राच्या पुस्तकातून विद्यार्थ्यांच्याही ओळखीचा. इतक्या परिचयाच्या प्राण्याच्या नावात काही घोळ असेल, अशी शंका फार काळ कोणाला आली नाही.

जपानच्या किनाऱ्यावरील दृढरोमी (अंगावर ताठ रोमांचे झुपके असलेल्या, गोकाईसारख्या) कृमींना पहिली शास्त्रीय नावे बहुतांशी युरोपातून मिळाली. व्हिएन्नाचे एमिल फॉन मारेनत्सेलर यांनी 1879 पासून दक्षिण जपानच्या कृमींची वर्णने प्रसिद्ध केली. 'चॅलेंजर' हे संशोधन-जहाज 1875 मध्ये जपानला आले होते. त्या सफरीत गोळा झालेल्या कृमींवरचा मॅकिन्टॉश यांचा जाडजूड ग्रंथ 1885 मध्ये निघाला. मद्यार्कात बुडवलेले, रंग उडालेले आणि आकसलेले नमुने पाहून ही नावे ठरत. तो प्राणी कोणत्या चिखलात राहतो, कोणत्या रात्री वर येतो, हे बरणीवरून कळण्याजोगे नव्हते.

ही उणीव भरून काढणाऱ्यांत इझुका अकिरा यांचे नाव आधी घ्यावे लागते. ओकायामाजवळच्या कोजिमा खाडीतील गोकाईचे प्रजनन आणि त्याच्या अंड्यांची वाढ त्यांनी प्रत्यक्ष पाहिली आणि 1908 मध्ये त्याला 'नेरीस जापोनिका' असे नाव दिले. पुढे ही जाती 'निअँथेस' या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) आणि त्यानंतर 'हेडिस्टे' या प्रजातीत हलवण्यात आली. म्हणून आज तिचे पूर्ण नाव 'हेडिस्टे जापोनिका (इझुका, 1908)' असे लिहितात. नाव देणाऱ्याभोवतीचा हा कंस शोभेचा नाही. ही जाती मुळात दुसऱ्या प्रजातीत वर्णिली गेली होती, एवढी माहिती तो एकटा देतो.

हेडिस्टे प्रजाती ओळखायची, तर एका पार्श्वपादाचा, म्हणजे अंगाच्या बाजूला फुटणाऱ्या पायासारख्या अवयवाचा, तुकडा कापून काचपट्टीवर ठेवावा लागतो. या कृमीच्या अंगाच्या जवळजवळ प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंनी असे मांसल पार्श्वपाद असतात आणि त्यांतून दृढरोमांचे झुपके बाहेर येतात. त्यांतला एकेक रोम सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्याला एक दांडा आणि त्यावर सांध्याने बसवलेले एक पाते असल्याचे दिसते. मात्र हेडिस्टे प्रजातीत, शरीराच्या मागच्या भागातील पार्श्वपादांच्या खालच्या शाखेत, काही रोमांचा हा सांधा नाहीसा झालेला असतो आणि पाते दांड्याशी जुळून एकसंध आकडा तयार झालेला असतो. प्रजाती ओळखण्याची ही खूण मिलिमीटरच्या लहानशा अंशात मावते. याखेरीज तोंडातून बाहेर पडणारी सोंड पाहावी लागते. तिच्या टोकाशी गडद रंगाच्या जबड्यांची जोडी असते आणि पृष्ठभागावर बारीक, टोकदार दात पसरलेले असतात. अभ्यासक सोंडेचे 1 ते 8 असे विभाग पाडून प्रत्येक विभागातील दात मोजतात. काम कंटाळवाणे खरे, परंतु नमुना मरताना सोंड आतच राहिली, तर ती उघडण्यासाठी करावी लागणारी चिरफाड त्याहून त्रासाची असते.

इतके मोजूनही गोकाईचे कोडे सुटत नव्हते. एकाच नदीच्या मुखाशी सापडणाऱ्या, दिसायला सारख्याच असलेल्या माद्यांपैकी काहींची अंडी लहान, तर काहींची ठळकपणे मोठी आणि बलकाने भरलेली असत. लहान अंड्यांचे कृमी पक्व झाले, की रात्रीच्या भरतीनंतर नदीतून समुद्राकडे पोहत जात. मोठ्या अंड्यांचे कृमी पोहण्याच्या भानगडीत न पडता नदीच्या तळाशीच प्रजनन उरकत. सातो आणि मासुदा यांनी 1997 मध्ये विकरांच्या (एन्झाइमांच्या) तुलनेवरून दाखवून दिले, की या दोन गटांत आनुवंशिक देवाणघेवाण होत नाही. याचा अर्थ, एका नावाखाली निदान दोन जाती नांदत होत्या. अरिआकेतील नमुने जमेस धरल्यावर हिशेब तीनवर गेला.

आता खरा प्रश्न उभा राहिला, तो जुने नाव कोणाच्या वाट्याला जावे हा. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नाव बहुमताने किंवा लोकप्रियतेने वाटता येत नाही; मूळ लेखकाने ज्या प्राण्याचे वर्णन केले, त्यालाच ते चिकटलेले असते. सातो आणि नाकाशिमा यांनी 2003 मध्ये या समूहाचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार इझुकांचा कृमी म्हणजे आज जपानमध्ये केवळ अरिआके परिसरात उरलेली जाती होय. त्यामुळे देशभर सर्वत्र सापडणाऱ्या उरलेल्या दोन जातींना नवी नावे घ्यावी लागली, आणि 'जपानी' या अर्थाचे नाव जपानमध्ये सर्वांत दुर्मीळ असलेल्या जातीकडे राहिले. नियम काटेकोर पाळले, की अशा गमती होतातच.

नवी नावे मात्र विचारपूर्वक ठेवलेली दिसतात. नदी आणि समुद्र यांच्यात ये-जा करणारी ती 'डायाड्रोमा'. प्रजननासाठी रूप पालटून पोहायला न निघणारी ती 'अटोका'. जपानी नावेही सोबत ठरली. 'कावा' म्हणजे नदी, म्हणून तिघेही 'कावागोकाई'. अरिआकेचा तो 'अरिआके-कावागोकाई', डायाड्रोमा ही 'यामातो-कावागोकाई' आणि अटोका ही 'हिमे-यामातो-कावागोकाई'. यामातो हे जपानचे जुने नाव, तर हिमे म्हणजे राजकन्या; लहान, नाजूक प्राण्यांच्या नावाआधी हा शब्द जोडण्याची तिथे रीतच आहे. नुसते 'गोकाई' हे मात्र आता या तिघांपैकी कोणाही एकाचे नाव राहिलेले नाही.

नामकरणात मोकळीकही असते. सादो बेटाजवळ स्पंजाच्या आत राहणारा, एका डोक्यामागे शरीराच्या फांद्याच फांद्या फुटलेला एक कृमी 2022 मध्ये वर्णिला गेला, तेव्हा त्याला गॉडझिलाच्या तीन डोक्यांच्या शत्रूवरून 'रॅमिसिलिस किंगघिदोराही' असे नाव देण्यात आले. वर्तमानपत्रांनी अर्थातच त्याची दखल घेतली. गोकाईच्या वाटणीला तसे भाग्य आले नाही, तरी उपयोगाच्या दृष्टीने तिचे पारडे जड ठरते. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील नदीमुखांत आशियातून आलेला एक कृमी सापडला, तेव्हा तो डायाड्रोमा आहे हे सांगता आले, कारण तोवर तिला स्वतंत्र नाव मिळालेले होते.

कोजिमा खाडीचा मोठा भाग भराव घालून शेतीखाली आणला गेला, आणि 1959 मध्ये तिचे तोंड बांधाने बंद करून आत गोड्या पाण्याचे सरोवर करण्यात आले. इझुकांनी जिथे आपला कृमी पाहिला, तिथे तो आता राहत नाही. अरिआकेत मात्र थंडीच्या दिवसांत, उधाणाची भरती ओसरू लागली, की रात्री पाण्यावर दिवा धरून अभ्यासक उभे राहतात. जाळीत आलेली मादी बशीत घेतली जाते, तिच्या अंड्यांचा आकार मोजला जातो, सोंडेवरचे दात तपासले जातात, आणि मगच कुपीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने नाव लिहिले जाते, कंसासह.