14 नंबरचा माउस

(दृश्य: कोपरखैरणे. सिडकोच्या बैठ्या घरांची गल्ली, अरुंद जिना, वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर लॅब. दाराबाहेर चपलांचा ढीग.)

चपला बाहेर राहतात. हात मात्र आले तसेच आत जातात.

सकाळी टायपिंगची बॅच, मग एमएस-सीआयटी, दुपारी शाळेची मुलं, संध्याकाळी कामावरून परतणारे. एकाच माउसवर दिवसभरात पाच-सहा जणांचे हात. कुणी ठाण्याहून लोकलच्या दांडीला लटकून आलेलं, कुणी खाली गाडीवर वडापाव खाऊन. त्यात पावसाळ्यातली इथली दमट हवा. घाम, त्वचेचं तेल, कातडीचा भुगा आणि टेबलावरची धूळ एकत्र मळली की जे तयार होतं, त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे. किटण.

(दृश्य: माउस पालथा, अगदी जवळून. वायरवर चिकटपट्टी, तिच्यावर 14.)

माउसच्या पोटाला या ज्या गुळगुळीत पट्ट्या आहेत, त्यांना पाय म्हणतात. टेफ्लॉनच्या किंवा तसल्याच घसरत्या प्लास्टिकच्या, जाडी बहुतेकदा एक मिलिमीटरच्याही आत. पायांभोवती दिसणारी ही काळी झालर कंपनीतून आलेली नाही. माउस टेबलावर जितका फिरतो, तितकं टेबल पुसत जातो आणि पुसलेलं सगळं पायांच्या कडेला साठवत जातो. मग तो जड वाटायला लागतो, मध्येच अडतो.

(मूळ ध्वनी: "मॅडम, ह्याचा कर्सर उड्या मारतोय." "बाजूचा लाव गं तोवर.")

बाजूचा लाव. लॅबमधला सर्वात जुना उपाय. आपला माउस शेजारच्या मशीनला, शेजारचा आपल्याला. आठवडाभरात खराब माउस सगळ्या खोलीत फिरून येतो आणि कुठला कुठून निघाला ते कुणालाच सांगता येत नाही.

पण ही अदलाबदल नीट लक्ष ठेवून केली, तर तीच पहिली तपासणी ठरते. दुखणं माउसबरोबर गेलं तर दोष माउसचा. मागेच राहिलं तर दोष मशीनचा: पुढचा यूएसबी पोर्ट ढिला झालेला, नाहीतर कुणीतरी सेटिंग बदललेलं. फोल्डर एकाच क्लिकला उघडतंय म्हणून चांगला माउस टाकून दिला जातो आणि कारण निघतं फोल्डर ऑप्शन्समध्ये सिंगल क्लिकवर केलेली खूण. बोट उचललं तरी सिलेक्शन सुटत नसेल, तर आधी क्लिकलॉक बघायचं, म्हणजे बटण थोडा वेळ दाबलं की ते दाबलेलंच धरणारी सेटिंग. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून 'मेन डॉट सीपीएल' टाइप केलं, की ही माउसची सेटिंगं समोर येतात. गोल हिरव्या पिनचा जुना माउस असेल, तर तो चालू मशीनमधून उपटायचा नाही. परत लावला तरी रीस्टार्ट केल्याशिवाय तो बहुधा चालत नाही आणि नशीब वाईट असेल तर बोर्डावरचा पोर्टच जातो.

(दृश्य: लोखंडी कपाटाचा खालचा खण. वायरींच्या गुंत्यातून निघालेला गोळीचा माउस. चकती फिरते, गोळी तळहातावर पडते.)

हा खजिना कपाटात होता. तळाची चकती बाणाच्या दिशेने फिरवली की गोळी अशी हातात येते. बोराएवढी, वजनदार, पोलादावर रबराचं कवच. आत एकमेकांना काटकोनात दोन बारीक रूळ, एक आडव्या हालचालीचा, दुसरा उभ्या. समोरून स्प्रिंगवरचं एक छोटं चाक गोळीला या रुळांवर रेटून धरतं. रूळ फिरला की त्याच्या टोकाची खाचांची चकती फिरते. खाचांतून पलीकडे जाणारा इन्फ्रारेड प्रकाश अडतो, सुटतो, अडतो, सुटतो. तो मोजला की कर्सर किती सरकवायचा ते कळतं.

(दृश्य: रुळावरचं काळं कडं. टाचणीने खरवडताना ते अख्खं वळून निघतं.)

हे दृश्य पूर्ण बघा, घाई नाही. गोळी रुळाला एकाच जागी टेकते, म्हणून मळ सगळ्या रुळावर न पसरता मधोमध कड्यासारखा चढतो. कडं चढलं की रूळ जाड होतो, आणि जाड रूळ तेवढ्याच अंतरात कमी फिरतो. म्हणजे हात तेवढाच हलतो, पण कर्सर कमी जातो. कडं एका बाजूने तुटलं की तोच कर्सर गचके खायला लागतो. टाचणी, नख किंवा टोकदार काडी एवढ्यावर काम भागायचं. फक्त निघालेला कचरा आत पडू न देता बाहेर झटकायचा.

शाळा-कॉलेजांच्या लॅबमधून या गोळ्या हातोहात पळवल्या जायच्या, म्हणून कित्येक ठिकाणी चकती फेविक्विक लावून बसवून टाकली गेली. गोळी वाचली, पण साफसफाईचं दारही कायमचं बंद झालं.

पहिल्या माउसला मात्र गोळी नव्हतीच. 1964 साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी तो बनवला. लाकडी ठोकळा, वर एक बटण, पोटाला काटकोनात बसवलेली धातूची दोन चाकं. 9 डिसेंबर 1968 ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी माउस भरसभेत वापरून दाखवला. गोळी त्याच वर्षी जर्मनीतल्या टेलिफुंकेन कंपनीने आणली आणि पुढे इंग्लिश यांनीच झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत गोळीचा माउस केला. 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टने साध्या टेबलावर, खास पॅडशिवाय, प्रकाशावर चालणारा माउस बाजारात आणला. हळूहळू गोळ्या गेल्या आणि किटण पायांखाली राहायला आलं.

(दृश्य: अंधार. उलट्या माउसमधला लाल उजेड. भिंगावर आडवा पडलेला एक केस.)

आता पुन्हा 14 नंबर. लाल दिव्याचा उजेड टेबलावर तिरपा पडतो, त्यामुळे टेबलाच्या बारीकशा खडबडीलाही सावली येते. वरचा सेन्सर त्या सावल्यांचे इवलेसे फोटो काढतो. साध्या माउसमधल्या एका प्रचलित सेन्सरचा फोटो 18 गुणिले 18 ठिपक्यांचा असतो आणि असे सेकंदाला 1500 निघतात. मागचा आणि पुढचा फोटो ताडून माउस कुठे सरकला ते ठरतं.

हा केस त्या प्रत्येक फोटोत जागच्या जागी असतो. टेबल सरकतंय, केस सरकत नाही. सेन्सरने कुणाचं ऐकायचं? कर्सर उड्या मारतो तो इथे.

दुसरी गोष्ट उंचीची. अशा सेन्सरांमध्ये भिंगाच्या बैठकीपासून टेबल साधारण 2.4 मिलिमीटरवर धरलेलं असतं आणि त्यात मोकळीक अगदी थोडी. पायांवर किटणाचा थर चढला की अख्खा माउस उचलला जातो आणि फोटो धूसर येतात. म्हणजे पाय घाण झाले की घसरण बिघडते आणि नजरही.

पांढऱ्या चकचकीत सनमायकावर किंवा काचेवर माउस भरकटतो, कारण तिथे सावल्याच पडत नाहीत. लॅबच्या टेबलांना असा सनमायका निवडणाऱ्याने त्यावर माउस चालवून पाहिला नसावा. खाली एक ए-फोर कागद ठेवला तरी काम भागतं. आणि लाल उजेड दिसत नाही म्हणून माउस मेला असं लगेच समजू नये. काहींमध्ये इन्फ्रारेड दिवा असतो. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिलं, तर बहुधा फिकट जांभळा ठिपका दिसतो.

(दृश्य: टेबलावर वर्तमानपत्र. त्यावर जुनं प्लास्टिक कार्ड, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, चिमटा, फुलीचा छोटा स्क्रू ड्रायव्हर, स्पिरिटची बाटली.)

वायर काढली. पहिलं काम कोरडंच. जुन्या कार्डाच्या कडेने पायांभोवतीचं किटण खरवडायचं. ब्लेड नको. टेफ्लॉन मऊ असतं, ब्लेडने त्याला चरे पडतात आणि त्या चऱ्यांत पुढचा मळ आणखी घट्ट बसतो.

भिंगाच्या खोबणीत तोंडाने फुंकर मारायची सवय सगळ्यांनाच असते. फुंकरीबरोबर थुंकीचे कण जातात. रबरी फुगा दाबून वारा मारावा, मग कापसाची काडी, आधी कोरडी, नंतर जेमतेम ओली. शेवटी उजेडाकडे धरून बघायचं, कारण कापसाचा एक तंतू मागे राहिला तर तो केसाचंच काम करतो.

(दृश्य: मेडिकलच्या दुकानातली बाटली. शेजारी सॅनिटायझरची जेल, तिच्यावर लाल फुली.)

द्रव कुठला, यावरच निम्मी लढाई असते. औषधाच्या दुकानात मिळणारं 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. उरलेलं त्यात मुख्यतः पाणी असतं, म्हणून पुसल्यावर दहा मिनिटं वाळू द्यायचं. सॅनिटायझरची जेल नको. तिच्यातलं ग्लिसरिन आणि घट्ट करणारा पदार्थ मागे चिकट पापुद्रा सोडतात आणि नवं किटण त्यावरच बसतं. नेलपॉलिश काढायचं असिटोन तर अजिबात नको, माउसचं प्लास्टिक त्याने विरघळतं. काही माउसना वरून रबरासारखा मऊ थर असतो. आपल्या दमट हवेत तो काही वर्षांनी आपोआप चिकट होतो. तो मळ नव्हे, थरच सुटत चाललेला असतो. अल्कोहोलने घासून तो पूर्ण उतरवला तरी हरकत नाही. खालचं साधं प्लास्टिक हाताला बरं लागतं.

दोन बटणांच्या फटीत जाडसर कागदाची कड घालून ओढली की काय निघतं, ते पडद्यावर दिसतंयच. बटण दाबल्यावर वर येत नसेल, तर बहुतेक वेळा गुन्हेगार हाच.

(दृश्य: स्टिकरवर बोट फिरतं, एका जागी खळगा लागतो.)

आता उघडायचा. स्क्रू बहुतेकदा एकच आणि तो स्टिकरखाली लपलेला. बोट दाबत गेलं की खळगा लागतो. नाही लागला तर पायाखाली असतो. पाय उपटण्याआधी हेअर ड्रायरने अर्धा मिनिट ऊब द्यायची, म्हणजे गोंद सैल होतो आणि पाय दुमडत नाही. झाकण मागून उचलायचं. पुढच्या बाजूला झाकण अडकवणारे प्लास्टिकचे हुक असतात, हिसका दिला की तेच तुटतात.

(दृश्य: चाकाच्या आसाला वेढलेले केस. चिमट्याने उलगडत, उलगडत बाहेर.)

हे एका माउसमधून निघालेलं आहे.

चाकाच्या आसाला केस गुंडाळला की चाक जड होतं. काही माउसमध्ये चाकाच्या खाचांतून गोळीवाल्यासारखाच इन्फ्रारेड जातो, तिथे खाच बुजली की पान सरकायचं थांबतं. काहींत चाकाचा षटकोनी आस एका छोट्या डबीत बसतो. त्या डबीतले संपर्क मळले की खाली फिरवलं तर पान वर पळतं. तिथे काँटॅक्ट क्लीनरचा एक थेंब टाकायचा आणि चाक वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे फिरवायचं.

एक क्लिक दोनदा लागणं हा मात्र मळाचा आजार नसतो बहुतेकदा. बटणाखालच्या स्विचमध्ये तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी असते. ती थकली किंवा तिचा संपर्क झिजला की एका दाबात दोनदा टेकते. पुसून गुण येत नाही. तीन पायांचा स्विच बदलावा लागतो, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सुटा मिळतो. डागायची, म्हणजे सोल्डरिंगची, सवय असेल तर त्याच माउसचा उजवा स्विच डावीकडे लावता येतो, कारण उजवं बटण फार कमी वापरलं जातं.

(दृश्य: झाकण बसतंय. स्क्रू.)

बंद करताना वायरीचा रबरी गळा त्याच्या खोबणीत बसलाय ना, ते पाहायचं. नाही बसला तर वायरीला बसलेला प्रत्येक झटका थेट बोर्डावरच्या सोल्डरच्या डागाला बसतो. स्क्रू आधी उलटा फिरवायचा. 'टक्' झालं की जुन्या आट्यात बसला, मग सुलटा. थेट आवळला तर प्लास्टिकमध्ये नवा आटा पडतो आणि दोन-तीन खेपांनंतर स्क्रू नुसताच फिरत राहतो.

(दृश्य: भंगाराच्या पोत्यात माउसच्या वायरी.)

ई-कचऱ्याचे सध्याचे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, तरीही हे पोतं अधिकृत रिसायकलरऐवजी भंगारवाल्याकडे चाललंय.

(दृश्य: डावखुरी मुलगी, माउस कीबोर्डच्या उजवीकडे. मग तोच माउस डावीकडे.)

डावखुऱ्यांसाठी बटणं अदलून देता येतात, त्याच 'मेन डॉट सीपीएल'मध्ये, पहिल्याच पानावर. बॅच संपली की परत पूर्ववत करायचं, नाहीतर पुढचा माणूस "क्लिक मेलंय" म्हणून माउस बदलतो. परीक्षा चालू असताना माउस खरंच मेला, तर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबायचं. विंडोज विचारेल, हो म्हणायचं. मग आकड्यांच्या पॅडवरून कर्सर हलतो आणि 5 दाबलं की क्लिक होतं.

(दृश्य: वायरीच्या टोकाला, पिनजवळ, नवी चिकटपट्टी. पेनाने 14.)

नंबर माउसच्या पाठीवर लिहायचा नाही. मार्कर अल्कोहोलने पुसला जातो, पहिल्याच सफाईत. वायरीवर, पिनच्या बाजूला पट्टी गुंडाळायची. मशीनवर तोच नंबर. मग अदलाबदल झाली तरी लगेच कळते.

(दृश्य: लॅबची वही. मॅडमचं अक्षर.)

"14. पाय, भिंग, चाक साफ. डावं क्लिक दोनदा लागतंय, स्विच आणणे."