तेच पाच गळे

नमस्कार श्रोतेहो.

एक शब्द ऐका. वॉफल्स. आता तोच लाडात येऊन म्हणून बघा. मग रागावून, मग घाबरून, मग कुणाची तरी समजूत काढत. ‘टीन टायटन्स गो’ या अमेरिकन कार्टून मालिकेत ‘वॉफल्स’ नावाचा एक भाग आहे, जेमतेम अकरा मिनिटांचा. त्यात सायबॉर्ग आणि बीस्ट बॉय हे दोघे दोस्त ठरवतात, की यापुढे दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. त्यांचा म्होरक्या रॉबिन आधी दटावतो, मग त्याचं डोकंच फिरतं. पुढे ब्रदर ब्लड नावाचा खलनायक दोघांना पकडून नेतो आणि त्यांच्याकडून गुपित काढू बघतो. त्यालाही उत्तर तेच. वॉफल्स!

मी हा भाग पहिल्यांदा पाहिला नाही, ऐकला. स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते आणि बाहेरच्या खोलीत भाची टीव्हीसमोर बसली होती. चार-पाच पोळ्या झाल्यावर लक्षात आलं, की मघापासून शब्द एकच चाललाय आणि तरी मला सगळं कळतंय. कोण चिडवतंय, कोण री ओढतंय, कोण आता घाबरलंय. तवा उतरवला आणि बाहेर जाऊन बसले.

ही मंडळी कोण, ते थोडक्यात सांगते. जंप सिटी नावाच्या काल्पनिक शहरात, पाण्यातल्या एका बेटावर, इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची इमारत आहे. तिथे पाच पोरं एकत्र राहतात. रॉबिन हा बॅटमनचा साथीदार. सायबॉर्ग अर्धा माणूस, अर्धं यंत्र. बीस्ट बॉय हिरव्या कातडीचा, हव्या त्या प्राण्याचं रूप घेणारा. स्टारफायर टॅमरन या परग्रहावरची राजकन्या. आणि निळ्या झग्यातली रेव्हन ही ट्रायगॉन नावाच्या दैत्याची मुलगी. डीसी कॉमिक्समधला हा चमू 1964 पासूनचा. पण स्टारफायर, रेव्हन आणि सायबॉर्ग त्यात आले ते 1980 साली, लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी नव्याने मांडणी केली तेव्हा.

2003 मध्ये कार्टून नेटवर्कवर यांची पहिली मालिका आली, ‘टीन टायटन्स’. तिच्यावर जपानी ॲनिमेची छाप होती, शीर्षकगीतही पफी अमीयुमी या जपानी जोडीनं गायलं होतं. विनोद होता, पण आतून ती गंभीर होती. स्लेडसारखा थंड डोक्याचा शत्रू, टेरासारखी मैत्रीण जी दगा देते आणि शेवटी दगड होऊन जाते. पाच हंगाम चालून ती 2006 मध्ये संपली, आणि तिच्यावर जीव लावलेली मुलं सहाव्या हंगामाची वाट बघत मोठी झाली.

मग 2013 च्या एप्रिलमध्ये आली ती ‘टीन टायटन्स गो’. मायकल जेलेनिक आणि ॲरन होर्वाथ यांनी घडवलेली. चित्रं बदललेली, डोकी मोठी आणि अंगं बुटकी, आणि सगळाच धुडगूस. पण एक गोष्ट बदलली नव्हती. आवाज. स्कॉट मेनव्हिल, हिंडन वॉल्च, कॅरी पेटन, टारा स्ट्राँग आणि ग्रेग साइप्स. दहा वर्षांपूर्वीचे तेच पाच गळे.

आपण रेडिओवाले, आपल्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. एखादा निवेदक वर्षानुवर्षं कानांवर असतो, त्याच्या तोंडचं साधं ‘नमस्कार’ ऐकलं तरी घरचं माणूस आल्यासारखं वाटतं. टारा स्ट्राँगचंच घ्या. ‘पॉवरपफ गर्ल्स’मधली ती गोड, रडवेली बबल्स आठवते? तो आवाज याच बाईंचा. रेव्हनसाठी त्या खालच्या पट्टीत जातात आणि स्वर जवळजवळ सपाट ठेवतात. त्या सपाट आवाजाला नुसती बारीकशी चीर गेली, की आतलं लहान मूल दिसतं.

पहिल्याच भागात ते दिसतं. रेव्हनला तिची आवडती मालिका शांतपणे बघायची आहे. पंखांच्या घोड्यांची, गुलाबी, गोंडस मालिका. घरात चौघांचा कालवा. मग ती एका दंतकथेतल्या सँडविचची कहाणी रचून सांगते आणि एकेकाला एकेक जिन्नस आणायला दूर पिटाळते. दैत्याची लेक, विश्व हादरवण्याची ताकद अंगात, आणि हवंय काय, तर घरात घटकाभर निवांतपणा! एका खोलीत चार भावंडांबरोबर वाढलेल्या कुणालाही हे पटेल.

मालिकेचं मर्म मला इथेच सापडतं. खलनायक येतात-जातात, खरी लढाई घरातली. बर्गर चांगला की बरिटो, यावरून सायबॉर्ग आणि बीस्ट बॉयमध्ये एका भागात जुंपते. दुसऱ्या एका भागात रॉबिन गाडी शिकायला जातो, तर शिकवणारा मास्तर निघतो बँकलुटारू. हा बिचारा मन लावून धडे गिरवतोय आणि त्याच धड्यांच्या नावाखाली लुटारूला पळवून नेतोय. या रॉबिनवर माझा फार जीव आहे. पाचांत ज्याच्याकडे कसलीच दैवी शक्ती नाही तो हा, आणि पुढारीपणाचा सगळा भार यानेच घेतलेला. ‘टायटन्स, गो!’ असं तो ओरडतो तेव्हा स्कॉट मेनव्हिल त्या हाकेत हुकूमही घालतात आणि ‘ऐका ना माझं’ ही विनवणीही.

जुने चाहते मात्र या मालिकेवर रागावले. ‘आमच्या टायटन्सचं हे काय करून ठेवलंत?’ त्यांचं दुःख मला खोटं वाटत नाही. मालिकेनेही ते ऐकलं. ‘द रिटर्न ऑफ स्लेड’ या भागात स्लेडशी थरारक लढाई होते, पण आपल्याला न दाखवता. नंतर पोरं नुसती सांगतात, काय लढाई झाली म्हणून! त्या भागाचा उरलेला सगळा वेळ एका विदूषकाचा. लहानपणी आवडलेला विदूषक आता हसवत नाही म्हणून सायबॉर्ग आणि बीस्ट बॉय त्याला ‘सुधारायला’ जातात आणि पार बिघडवतात.

2018 मध्ये यांचा चित्रपट आला. त्यात सुपरमॅनचा आवाज निकोलस केजचा. नव्वदच्या दशकात केज सुपरमॅन होणार होते, तो चित्रपट बनलाच नाही. इतक्या वर्षांनी ती भूमिका त्यांना मिळाली ती या पोरांच्या दंग्यात, आणि छोट्या ब्रूस वेनला, म्हणजे लहानपणीच्या बॅटमनला, आवाज दिला त्यांच्या मुलानं, ज्याचं खरं नावच कॅल-एल आहे. सुपरमॅनचं जन्मनाव!

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो पुढच्या वर्षीचा चित्रपट, 2019 चा. त्यात 2003 चे टायटन्स आणि 2013 चे टायटन्स समोरासमोर येतात. दहा पात्रं आणि गळे पाचच. टारा स्ट्राँग एका रेव्हनच्या तोंडून बोलतात आणि दुसऱ्या रेव्हनच्या तोंडून स्वतःलाच उत्तर देतात. कधी मिळाला तर बघा, श्रोतेहो. एकदा डोळे मिटूनही ऐका, आणि आत्ता कुठली रेव्हन बोलतेय ते ओळखा. भाची दर वेळी अचूक ओळखते. मीही आता बऱ्यापैकी ओळखू लागले आहे.

नमस्कार.