किल्ली बोरिवलीला

(वेंगुर्ल्यातल्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष सर, आणि या पावसात छत्र्या सांभाळत आलेली सगळी मंडळी,

बाहेरच्या फळ्यावर 'संगणकाची सुरक्षा' असं लिहिलंय. मघाशी चहाच्या वेळी दोन आजोबांनी मला विचारलं, फोनवर कोणी ओटीपी मागितला तर काय करायचं? देऊ नका. तो विषय झाला. मी दिलेल्या चिठ्ठीवर 'सिक्युअर बूट' असं होतं, म्हणजे संगणक सुरू होतानाचं कुलूप. फळ्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचं हे झालं. लिहिणाऱ्याला दोष देत नाही. 'सुरक्षित बूट' लिहिलं असतं तर देवळाबाहेरच्या चपलांवर कोणीतरी बोलणार आहे असं वाटून याहून जास्त गर्दी झाली असती.

मला ४५ मिनिटं दिली आहेत. विषय मांडायला पुरतील. त्याआधी आमच्या घराच्या कुलपाची गोष्ट. ती ज्यांनी माझ्या संगणकाच्या दुकानात आधीच ऐकली आहे त्यांनी पाच मिनिटं पाऊस बघावा.

आमचं मूळ घर कुडाळपासून दहा-बारा किलोमीटर आत. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे पडवी आणि खळं. जमिनीच्या सातबाऱ्यावर २३ नावं, त्यातली नऊ माणसं देवाघरी गेली तरी कागदावर ठणठणीत आहेत. माझंही नाव आहे. घरात बारा महिने कोणी राहत नाही. एका वर्षी मागच्या दाराचा कोयंडा उचकटून चोरांनी तांब्याचे दोन हंडे आणि पणजोबांच्या वेळचं घंगाळ नेलं. गणपतीत सगळे चाकरमानी जमले तेव्हा पडवीत बैठक बसली. सात लिव्हरचं कुलूप आणायचं ठरलं. वर्गणी निघाली, माझे २०० रुपये मीच सगळ्यांत आधी काढून दिले, कारण ठराव मीच मांडला होता. हे विसरू नका, पुढे लागेल.

कुलपाला तीन किल्ल्या आल्या. एक थोरल्या चुलतभावाकडे बोरिवलीला. एक बदलापूरच्या काकांकडे, ती त्यांनी दिवाळीच्या आत हरवली. आणि तिसरी कुठे गहाळ होऊ नये म्हणून देवघरातल्या कोनाड्यात ठेवली. घराच्या आत. मग दाराला कुलूप लावून सगळे तुतारी एक्सप्रेसने मुंबईला गेले.

हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी हीच व्यवस्था आहे.

पुढच्या जुलैत शेजाऱ्यांचा फोन आला की माकडांनी कौलं सरकवली आहेत, आत पाणी जातंय. मी स्कूटर काढून गेलो. दाराला कान लावला तर माजघरात टप, टप, टप. खिडकीच्या गजांतून मोबाइलचा टॉर्च मारला. पाणी बरोबर आजोबांच्या पेटीवर पडत होतं. पेटी म्हणजे कपड्यांची नव्हे, बाजाची. पन्नास वर्षं गावच्या भजनाला त्यांनी त्याच पेटीवर साथ केली. पेटीपासून हातभर अंतरावर भिंतीला एक परात टेकवून ठेवलेली. ती नुसती सरकवली असती तरी काम झालं असतं. जास्तीची कौलं? होती की. माळ्यावर. आत.

भावाला फोन लावला. म्हटलं, किल्ली पाठव. तो म्हणाला, "अरे किल्ली माझ्याकडे एकदम सेफ आसा. गणपतीक येतलंय तेव्हा बघूया." म्हटलं, कुरिअर कर. तर कुरिअरात हरवली तर जबाबदार कोण? म्हटलं, मग कुलूप फोडतो. त्यावर पलीकडून जे आलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "फोडू नको हां मेल्या, म्हागाचा आसा."

ओळखीचं माणूस गावाला येईपर्यंत नऊ दिवस गेले. दार उघडलं तेव्हा पेटीचा भाता फुगून उकलला होता. दुरुस्त करून आणली, पण आजही काळी दोनची पट्टी दाबली की वर येत नाही, बोट उचललं तरी सूर वाजत राहतो. भजनी मंडळी म्हणतात, बुवा, तंबोऱ्याचा खर्च वाचला.

आता या गोष्टीत खलनायक शोधा. सापडत नाही. भाऊ प्रामाणिक आहे, त्याने एक चमचासुद्धा नेला नाही. चोर खरे होते. कुलूप चांगलं होतं, आणि मागणी माझीच होती. मी मालक, माझं नाव कागदावर, आणि मी खिडकीत उभा राहून टॉर्च मारतोय.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. '१५ मिनिटे उरली.' सर, घड्याळ पुढे आहे का? बरं, येतो विषयाकडे.

आपल्याकडे कौल दोन प्रकारचा. एक छपरावरचा, त्याचं झालं. दुसरा देवळातला. काही मोठं काम काढायचं तर गुरव देवाला कळे लावतो, उजवा पडला तर पुढे जायचं, डावा पडला तर थांबायचं. लॅपटॉपचं बटण दाबलं की आत हेच चालतं. आधी जागं होतं फर्मवेअर, म्हणजे मशीनमध्ये कंपनीनेच भरलेला प्रोग्राम, ज्याला आम्ही दुकानात अजून बायोसच म्हणतो. ते विंडोज किंवा लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी, कोणालाही बदलता येणारी सिस्टिम) सुरू करणारा पहिला छोटा प्रोग्राम उचलतं आणि चालवण्याआधी त्याच्यावरची डिजिटल सही बघतं. किल्ली म्हणजे इथे सही करायला आणि ओळखायला लागणारा लांबलचक आकडा. ओळखीच्या किल्लीची सही असली तर उजवा कौल. नसली तर डावा, मशीन तिथेच उभं. हे सिक्युअर बूट. फरक एवढाच की देवळातला देव आपल्या गावचा असतो. इथे जवळजवळ प्रत्येक पीसीत कंपनीतूनच मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या बसवून येतात. देव अमेरिकेत, मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडला.

याची गरज नव्हती असं मी म्हणणार नाही. फ्लॉपी वापरलेले कोण आहेत इथे? हात वर करा... वा, बरेच. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस केला, तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्येच, म्हणजे मशीन सगळ्यांत आधी वाचतं त्या भागात, जाऊन बसायचा. सिस्टिम जागी व्हायच्या आधी जो घुसला, त्याला सिस्टिम पकडणार कशी? अँटिव्हायरस त्याच्या नंतर उठतो. हंडे खरोखर चोरीला जातात, एवढंच म्हणायचंय.

तर आता माझी तक्रार. मागच्या वर्षी भाच्यासाठी एक जुना लॅपटॉप घेतला. कुठल्याशा ऑफिसने लॉटमध्ये काढलेला, तब्येतीने उत्तम. गिऱ्हाईक आलं की म्हणतं, विंडोज मारून द्या. भाच्याला लिनक्स हवं होतं. पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं, डावा कौल. आता काही बिझनेस मॉडेलांत असं असतं की मायक्रोसॉफ्टची विंडोजसाठीची किल्ली चालू आणि बाकीच्यांच्या प्रोग्रामवर सही करायची दुसरी किल्ली बंद. बायोसमध्ये जाऊन एक खूण केली की चालू होते. गेलो बायोसमध्ये. पासवर्ड! जुन्या ऑफिसने घातलेला, आणि त्यांचा तो माणूस नोकरी सोडून गेलेला. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. फार गोड मुलगी होती. म्हणाली, "सर, बिल कुणाच्या नावावर आहे?"

पैसे माझे, मशीन माझ्या टेबलावर, वीजबिल माझं. आणि मी पुन्हा खिडकीत टॉर्च घेऊन उभा.

लॅपटॉप विकणाऱ्याला परत केला. भाचा अजून म्हणतो, मामाला येत नव्हतं.

दुसरी चिठ्ठी. '५'. नुसता आकडा, 'मिनिटे' लिहायलाही वेळ नाही. मुद्दे सहा होते, धावत जेवढे होतील तेवढे करतो.

हे सगळं २०११ मध्ये तापलं. विंडोज ८ चा शिक्का मशीनवर हवा असेल तर सिक्युअर बूट चालू करूनच विका, असा नियम मायक्रोसॉफ्टने आणला. मॅथ्यू गॅरेट हा लिनक्सचा प्रोग्रामर तेव्हा रेड हॅट या लिनक्स कंपनीत होता. त्याने जाहीरपणे विचारलं की मग लिनक्सवाल्यांनी काय करायचं? आरडाओरडा झाला. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी भांडणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने म्हटलं, मालकाला किल्ली देत नसाल तर त्याला सिक्युअर बूट म्हणू नका, रिस्ट्रिक्टेड बूट म्हणा. शेवटी नियमात आलं की इंटेल-एएमडी चिपच्या पीसीवर मालकाला ते बंद करता आलं पाहिजे आणि स्वतःच्या किल्ल्या घालता आल्या पाहिजेत. आणि एआरएम, म्हणजे मोबाइलमध्ये असते त्या जातीच्या चिपच्या मशीनवर? तिथे बरोबर उलटं, बंद करता येताच कामा नये. मायक्रोसॉफ्टचाच २०१२ चा सरफेस आरटी टॅबलेट त्यातला. एकच कंपनी, एकच वर्ष, एकच कुलूप, आणि चिपवरून ठरलं की मालक कोण. २०१५ ला विंडोज १० आलं तेव्हा पीसीवरची बंद करायची सोयही सक्तीची राहिली नाही, ठेवायची की नाही ते बनवणाऱ्याच्या मर्जीवर. माझं भांडण इथे आहे. जे २०१२ ला हक्क म्हणून लिहून मिळालं होतं, ते तीन वर्षांत मर्जी झालं, आणि आपण कोणी गाऱ्हाणंसुद्धा घातलं नाही.

मग आज उबुंटू, फेडोरा ही लिनक्सची रूपं चालतात कशी? 'शिम' नावाच्या एका छोट्या प्रोग्रामवर. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही, आणि त्याच्या पोटात त्या त्या लिनक्सची किल्ली. थोडक्यात, बोरिवलीच्या भावाने शेजाऱ्याला दिलेली परवानगी. सुसे या दुसऱ्या लिनक्स कंपनीच्या लोकांनी त्यात एक फार शहाणी गोष्ट घातली, 'मशीन ओनर की', म्हणजे मशीनच्या मालकाची किल्ली. माझ्या स्वतःच्या मशीनवर वायफाय चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मी स्वतः तयार केला, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, म्हणतो 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस', किल्ली नामंजूर. बरोबरच आहे, सही नाही. मग मी माझी किल्ली बनवली, ड्रायव्हरवर सही केली, किल्ली नोंदवायला टाकली, एक तात्पुरता पासवर्ड दिला आणि मशीन रीस्टार्ट केलं. निळा स्क्रीन येतो. दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबा म्हणतो. पहिल्यांदा मी चहा आणायला गेलो होतो, संधी गेली. दुसऱ्यांदा नेमकी लाइट गेली. तिसऱ्यांदा बसून राहिलो, बटण दाबलं, पासवर्ड दिला, काम झालं. तिथे बिल कुणी विचारत नाही. मशीनसमोर बसून ज्याचा हात कीबोर्डवर आहे आणि ज्याला पासवर्ड माहीत आहे, तो मालक. लांबून इंटरनेटवरून आलेल्या चोराला तो निळा स्क्रीन दिसतच नाही. म्हणजे चोरही बाहेर आणि मालकही आत, हे एकाच कुलपात जमतं. जमत नाही असं सांगणाऱ्यांना मी एवढंच दाखवतो. गूगलच्या पिक्सेल फोनमध्येही कुलूप उघडून, आपली सिस्टिम घालून, आपल्याच किल्लीने ते पुन्हा लावता येतं.

टिवोचं राहिलंच. अमेरिकेत टीव्ही रेकॉर्ड करायचा डबा होता, आत लिनक्स, सोर्स कोड मागाल तर मिळायचा. पण त्यात बदल करून परत घातला की डबा तो चालवायचा नाही, सही नाही म्हणून. पाककृती हातात दिली आणि चुलीला कुलूप घातलं. जीपीएल हे असा कोड वापरायच्या अटींचं लायसन्स, त्याची २००७ ची तिसरी आवृत्ती, जीपीएल-३, या प्रकाराला आडवी आली, आणि लिनक्स कर्नल मात्र जीपीएल-२ वरच राहिला, लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांना ते पटलं नव्हतं. यावर मी अर्धा तास बोलू शकतो. नाही बोलत, सर.

बोरिवलीला किल्ली जास्त सुरक्षित असते म्हणणाऱ्यांसाठी २०२४ ची दोन प्रकरणं. जुलैत उघडकीला आलं की शेकडो मॉडेलांत सगळ्यांत वरची किल्ली ही चाचणीपुरती बनवलेली होती, तिच्यावर स्वच्छ लिहिलेलं 'डू नॉट ट्रस्ट', आणि बनवणाऱ्यांनी ती तशीच बसवून मशीन विकली. ऑगस्टमध्ये विंडोजच्या एका अपडेटने लोकांच्या शेजारच्या पार्टिशनमधलं लिनक्स उठेनासं झालं. स्क्रीनवर काय, तर 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग'. इतका प्रामाणिक एरर मेसेज मी तीस वर्षांत पाहिला नाही.

सगळ्या किल्ल्या काढून फक्त स्वतःची घालता येते का, असं मागून कोणीतरी विचारतंय. ज्या मशीनमध्ये सोय ठेवली आहे तिथे येते. पण काही ग्राफिक्स कार्डांच्या आतल्या प्रोग्रामवरही मायक्रोसॉफ्टचीच सही असते, ती किल्ली काढलीत तर स्क्रीन काळा. दुकानात या, एकत्र करू.

उठलो, सर, उठलो. फक्त एक. आज रात्री घरी जाऊन कोणी हौसेने सिक्युअर बूट बंद करून बघू नका. विंडोजचं बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू असेल तर पुढच्या वेळी ते ४८ अंकी रिकव्हरी की मागेल, आणि ती नसेल तर तुमचे फोटो, तुमचे हिशेब सगळं आत आणि तुम्ही बाहेर. आधी ती शोधा आणि कागदावर लिहून काढा. आणि त्या कागदाचा फोटो काढून त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका. देवघरातल्या कोनाड्याचं आत्ताच सांगितलंय.