फरशीवर पडलेला पोळीचा तुकडा

न्यू जर्सीतल्या एका मराठी घराचे हे स्वयंपाकघर आहे. ओट्यावर पोळ्या लाटल्या जात आहेत आणि कोपऱ्यात पाच महिन्यांचे पिवळसर लॅब्रॅडॉर पिल्लू बसले आहे. पोळीचा एक तुकडा हातातून निसटून फरशीवर पडतो. पिल्लाची मान पुढे येते, नाक थरथरते, पण ते जागचे हलत नाही. क्षणभराने तुकड्यावरची नजर काढून ते पट्टा धरलेल्या मुलीकडे पाहते आणि ती हळू आवाजात त्याला शाबासकी देते. पुण्याहून आलेल्या आजींना मात्र हे पाहवत नाही, कारण दारातल्या कुत्र्याला पोळी घातल्याशिवाय आपण जेवायला बसायचे नाही, हा त्यांचा उभ्या आयुष्याचा शिरस्ता आहे.

आजींची माया खरी आहे, आणि नातीची शिस्त हीदेखील मायाच आहे. पुढे हे पिल्लू एखाद्या अंध व्यक्तीला घेऊन गर्दीच्या रस्त्याने चालू लागेल, तेव्हा खाली पडलेल्या खाऊसाठी त्याने दिलेला एक हिसका त्या व्यक्तीचा तोल घालवू शकेल.

हे पिल्लू या कुटुंबाच्या मालकीचे नाही. ते अंध व्यक्तींना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणाऱ्या, मॉरिसटाउन येथील ‘द सीइंग आय’ या संस्थेचे आहे. स्वित्झर्लंडमध्ये कुत्र्यांचे प्रशिक्षण केंद्र चालवणाऱ्या डोरोथी हॅरिसन युस्टिस यांनी १९२७ साली एका अमेरिकी साप्ताहिकात लेख लिहिला. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत कुत्रे कसे तयार केले जातात, हे त्यात सांगितले होते. तो लेख मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला वाचून दाखवण्यात आला. त्याने युस्टिस यांना पत्र लिहिले, तो स्वित्झर्लंडला गेला आणि १९२८ साली ‘बडी’ नावाच्या जर्मन शेफर्ड कुत्रीसह परतून न्यूयॉर्कमधला वाहनांनी भरलेला रस्ता त्याने पत्रकारांसमोर ओलांडून दाखवला. पुढच्याच वर्षी ही संस्था उभी राहिली.

पिल्ले घरोघरी वाढवण्याची पद्धत तिथे १९४२ पासून चालत आली असून, तिची सुरुवात ‘फोर-एच’ या मुलांच्या मंडळांच्या साहाय्याने झाली. सात-आठ आठवड्यांचे पिल्लू स्वयंसेवकाच्या घरी येते आणि वर्षाहून थोडा अधिक काळ राहते. रस्ता दाखवण्याचे शिक्षण स्वयंसेवक देत नाहीत; ते काम पुढे संस्थेतले प्रशिक्षक करतात. स्वयंसेवकाने द्यायची असते ती माणसांच्या जगाची ओळख: सरकते जिने, लिफ्टचा धक्का, आगगाडीची धडधड, अचानक उघडलेली छत्री, अंगावर धावून येणारी लहान मुले आणि या सगळ्यांत निमूटपणे वाट पाहत बसणे. आमच्या मते हेच सर्वांत कठीण शिक्षण आहे, कारण काहीतरी करायला शिकवण्यापेक्षा काही न करायला शिकवण्यास कितीतरी अधिक चिकाटी लागते.

पहाटेचे साडेपाच वाजले आहेत आणि बाहेर बर्फ पडते आहे. मुलीचे वडील पट्टा हातात धरून अंगणात उभे आहेत. पिल्लाने शी-शूसुद्धा ठरलेल्या वेळी, पट्ट्यात असतानाच आणि सांगितल्यावरच करायची असते, कारण उद्या ज्याच्या हाती हा पट्टा जाईल त्याला कुत्रा नेमका कुठे बसला हे डोळ्यांनी दिसणार नाही आणि तरीही ती जागा स्वच्छ करता आली पाहिजे. वर्षभर रोज अशा फेऱ्या होतात.

मग पिल्लू परत देण्याचा दिवस येतो. संस्थेची गाडी दारात उभी राहते, आणि पाठवणीच्या वेळी घरात असते तशी शांतता पसरते. पुढचे सुमारे चार महिने प्रशिक्षकासोबत शिकताना कुत्रा पदपथाच्या कडेला थांबायला, अडथळ्याला वळसा घालायला आणि समोरून वाहन येत असेल तर ‘पुढे चल’ ही आज्ञासुद्धा मोडायला शिकतो. सगळेच कुत्रे या कामास योग्य ठरत नाहीत. जे ठरत नाहीत, त्यांना घरी ठेवून घेण्याची संधी आधी वाढवणाऱ्या कुटुंबाला मिळते.

आज प्रशिक्षण संपत आले असून कुटुंबाला मॉरिसटाउनला बोलावले आहे. गावातल्या हिरवळीवर मॉरिस फ्रँक आणि बडी यांचा पुतळा आहे. काही अंतरावरून हार्नेस, म्हणजे धरायची मूठ असलेला अंगावरचा पट्टा, घातलेला एक उंच, पिवळसर कुत्रा प्रशिक्षकाला घेऊन येत आहे. कुटुंबाने मागे, त्याच्या दृष्टीआड राहायचे आहे. कुत्रा पदपथाच्या कडेला थांबतो, आज्ञा ऐकतो आणि रस्ता ओलांडू लागतो. मुलीने ओठ घट्ट मिटून घेतले आहेत, कारण तिचा आवाज तो अजूनही ओळखेल.