आम्ही आणि आपण : ग्वारानींची तीस गावं

(पडद्यावर : इताइपू धरणाचा जलाशय. संथ पाणी.)

या पाण्याखाली एक धबधबा आहे. ग्वायराचा. ब्राझील आणि पॅराग्वेच्या सीमेवर पाराना नदी इथल्या अरुंद खडकांतून कोसळायची. 1982 साली धरण भरलं आणि धबधबा बुडाला. आपल्याला मात्र त्याच्या काठावर 1631 साली जायचं आहे.

त्या वर्षी वरच्या अंगाकडून सातशे तराफे येत होते. त्यांवर बारा हजार ग्वारानी होते, म्हणजे इथले मूळ रहिवासी, पोराबाळांसकट, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. मागे साओ पाउलोहून आलेल्या टोळ्या होत्या. बांदेइरांती म्हणत त्यांना, आणि त्यांचा धंदा म्हणजे माणसं धरून नेऊन गुलाम म्हणून विकणं. धबधब्यापाशी पोचल्यावर या लोकांनी रिकाम्या होड्या सोडून पाहिल्या. त्यांच्या चिरफळ्या झाल्या. मग सगळे उतरले आणि जंगलातून पायी निघाले. वाटेत भूक होती, तापाच्या साथी होत्या. दक्षिणेला जे पोचले, ते निघालेल्यांच्या निम्म्याहूनही बरेच कमी.

त्यांच्या पुढे चालणारा माणूस म्हणजे आंतोनिओ रुईझ दे मोंतोया, लिमा शहरात जन्मलेला जेझुइट, म्हणजे येशू-संघाचा, पाद्री. एवढी माणसं त्याच्यामागे का निघाली? ख्रिस्तावरच्या श्रद्धेमुळे, असं पाद्रींच्या पत्रांतून वाटतं. काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. पण त्यांच्यापुढे दुसरं काय होतं तेही पाहा. एका बाजूला गुलाम पकडणारे. दुसऱ्या बाजूला असुन्सियोनचे स्पॅनिश वसाहतवाले, ज्यांच्याकडे गावंच्या गावं वेठबिगारीला बांधून दिलेली. पाद्रींच्या गावात राहायला गेलं तर ही वेठ चुकत होती. पहिलं असं गाव, सान इग्नासिओ ग्वासू, 1609 साली वसलं. स्पॅनिश लोक या गावांना ‘रेदुक्सिओन’ म्हणत. रानात विखुरलेली माणसं गोळा करून चर्चभोवती बसवायची, असा त्याचा अर्थ.

सगळे काही बसले नाहीत. 1628 च्या नोव्हेंबरात कारो इथे न्येसू नावाच्या शमानच्या, म्हणजे ग्वारानी मांत्रिकाच्या, सांगण्यावरून रोके गोन्सालेस या पाद्रीला मारण्यात आलं. पुढे 1988 साली पोपने रोकेला संत ठरवलं. न्येसूची बाजू त्याच्या स्वतःच्या शब्दांत कुणी लिहून ठेवली नाही.

मोंतोया लिहिणारा माणूस होता. त्याचा ग्वारानी भाषेचा मोठा कोश 1639 साली माद्रिदमध्ये छापला गेला, पुढच्या वर्षी व्याकरण. आता एक छोटं आडवळण. त्याच 1640 साली गोव्यात रायतूरला कोकणीचं व्याकरण छापून निघालं. ते लिहिणारा थॉमस स्टीफन्सही जेझुइट. आपल्याला तो माहीत आहे मराठी ‘ख्रिस्तपुराणा’मुळे; व्याकरण छापलं गेलं तेव्हा त्याला जाऊन एकवीस वर्षं झाली होती. तिकडे स्पेनची वसाहत, इकडे पोर्तुगालची, पण संघ तोच आणि रीतही तीच. धर्म सांगायचा तर आधी ऐकणाऱ्याची भाषा शिकायची.

ग्वारानी शिकताना स्पॅनिश माणूस एका जागी अडखळायचा. मराठी माणूस तिथे अडखळला नसता. स्पॅनिशमध्ये ‘नोसोत्रोस’ एवढा एकच शब्द. ग्वारानीत दोन. ‘न्यांदे’ म्हणजे आपण, ऐकणारा धरून. ‘ओरे’ म्हणजे आम्ही, तू सोडून. आता प्रार्थना सांगायची तर कुठला शब्द घ्यायचा? देवाशी बोलताना देवाला आपल्यात कसं धरणार? म्हणून प्रार्थना सुरू होते ‘ओरे रू’ने, आमच्या पित्या. मराठी ख्रिस्ती माणूसही नेमकं हेच म्हणतो. पण देवाबद्दल एकमेकांत बोलताना ‘न्यांदेजारा’, आपला धनी. हा फरक पुढेही लक्षात असू द्या.

मोंतोया माद्रिदला गेला होता तो केवळ पुस्तकं छापायला नव्हे. त्याला राजाकडून ग्वारानींसाठी बंदुका हव्या होत्या. आपणच जिंकलेल्या लोकांच्या हाती बंदुका द्यायच्या, ही कल्पना दरबाराला सुखाची वाटणं शक्यच नव्हतं. तरी परवानगी मिळाली. 1641 च्या मार्चमध्ये उरुग्वे नदीजवळ म्बोरोरेला बांदेइरांतींची मोठी टोळी आली, आणि ग्वारानींनी तिला होड्यांतूनच अडवलं. पुढारी होता इग्नासिओ आबियारू, त्यांचाच एक मुखिया. जाड बांबूच्या नळ्यांना बैलाचं कातडं गुंडाळून केलेल्या तोफाही त्यांनी डागल्या म्हणतात. त्यानंतर मोठे हल्ले जवळपास थांबले.

(पडद्यावर : त्रिनिदादचे अवशेष. तांबूस दगड. भिंतीवरची देवदूतांची कोरीव पट्टी.)

आज पॅराग्वेत असलेलं हे त्रिनिदाद, पाद्रींच्या गावांपैकी एक. वरच्या पट्टीकडे बघा. देवदूत वाद्यं वाजवताहेत. इथल्या प्रत्येक गावात गायक-वादकांचा ताफा असे आणि वाद्यंही तिथेच घडवली जात. गावं झाली तीस. प्रत्येक गावात पाद्री साधारण दोन, ग्वारानी हजारोंनी. म्हणजे गाव चालायचं ते ग्वारानींच्याच हातून : त्यांचं पंचमंडळ, त्यांचे मुखिये, त्यांचे कारकून. शेतीचे दोन वाटे. ‘आबाम्बाए’ म्हणजे माणसाचा, कुटुंबाने स्वतः कसायचा. ‘तुपाम्बाए’ म्हणजे देवाचा, सगळ्यांनी मिळून कसायचा. शिवाय येर्बा माते. तिथल्या लोकांचा चहाच तो. रानात वाढणारं हे झाड पाद्रींनी मळ्यात लावून दाखवलं आणि त्याच्या विक्रीतून राजाचा कर भागला.

युरोपातल्या काहींना हे रामराज्य वाटलं, काहींना तुरुंग. मला दोन्ही शब्द आळशी वाटतात. उठायचं घंटेवर, झोपायचं घंटेवर. चूक झाली तर चाबूक. मुखियाने अनेक बायका करायच्या नाहीत. आणि चौकाभोवती इतकी माणसं दाटीने राहिली की देवी-गोवरासारख्या साथींना रान मोकळं. 1732 साली तीस गावांत 1,41,182 माणसं मोजली गेली. 1740 पर्यंत उरली 74 हजारांच्या आसपास. साथ, दुष्काळ, राजाच्या कामावर लढाईला नेलेले पुरुष. आठ वर्षांत गावांतली वस्ती निम्मी झाली.

मग आला 1750 चा माद्रिद तह. स्पेनला पोर्तुगालकडून कोलोनिआ देल साक्रामेंतो हे बंदर हवं होतं. बदल्यात उरुग्वे नदीच्या पूर्वेची सात गावं दिली. सुमारे तीस हजार माणसांनी गुरंढोरं घेऊन उठायचं. चर्च, घरं, मळे पोर्तुगिजांना सोडायचे. त्याच पोर्तुगिजांना, ज्यांच्या टोळ्यांनी आजे-पणजे विकले होते. जेझुइटांच्या वरिष्ठांनी पाद्रींना बजावलं, राजाचं ऐका, लोकांना हलवा.

लोकांनी ऐकलं नाही. आधी त्यांनी पत्रं लिहिली. 1753 साली, ब्युनोस आयरेसच्या गव्हर्नरला, ग्वारानी भाषेत. ती पत्रं आजही आहेत, आणि माझ्या लेखी या सगळ्या कथेतली सर्वांत मोलाची वस्तू तीच. त्यातलं एक निकोलास न्येएंगिरूचं. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : हे गाव, हे चर्च आमच्या कष्टाचं आहे, कुणा स्पॅनिश माणसाने येऊन बांधून दिलेलं नाही.  राजाच्या माणसाला सोडून ‘आमचं’ म्हणायचं, तर ग्वारानीत शब्द एकच : ओरे. आम्ही. तुम्ही त्यात नाही.

गंमत अशी की युरोपात याच निकोलासबद्दल अफवा पिकली, तो म्हणे पॅराग्वेचा राजा निकोलास पहिला झाला! बिचारा एका गावचा कारभारी.

पत्रांचा उपयोग झाला नाही. 1756 च्या फेब्रुवारीत स्पेन आणि पोर्तुगालची फौज एकत्र चालून आली. 7 तारखेला ग्वारानींचा पुढारी सेपे तियाराजू पडला. तीन दिवसांनी कायबोआतेला सुमारे दीड हजार ग्वारानी मारले गेले. आणि 1761 साली दोन्ही राजांनी मिळून तो तहच रद्द केला.

पुढचं थोडक्यात. 1767 मध्ये स्पेनच्या तिसऱ्या कार्लोसने जेझुइटांना हाकललं. पोर्तुगालने ते आठ वर्षं आधीच केलं होतं, गोव्यातूनही. 1768 साली सान लुईसच्या पंचमंडळाने पुन्हा एक पत्र लिहिलं, आमचे पाद्री आमच्याकडे राहू द्या म्हणून. तेही वाया गेलं. नवे कारभारी आले, गावं कर्जात बुडाली. माणसं काही सगळी रानात परत गेली नाहीत. पुष्कळ जण गुरांच्या मळ्यांवर आणि शहरांत सुतार, विणकर म्हणून पोटाला लागले.

भाषा टिकली. 1992 च्या राज्यघटनेने ग्वारानीला पॅराग्वेत स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केलं. त्याचं श्रेय पाद्रींच्या कोशांना देऊन मोकळं होता येत नाही. तीस गावांच्या बाहेर, असुन्सियोनच्या घराघरांत, ग्वारानी आयांनी स्पॅनिश बापांच्या पोरांशी बोलून ती टिकवली.

(पडद्यावर : ब्राझीलमधलं साओ मिगेल. चर्चचा उघडा दर्शनी भाग, आवारात जमिनीवर मांडलेल्या टोपल्या.)

हे त्या सात गावांपैकी एक. भिंतींच्या सावलीत बसून म्ब्या ग्वारानी बायका टोपल्या आणि लाकडात कोरलेले प्राणी विकतात. आपसात बोलतात त्यात ‘न्यांदे’ही येतं, ‘ओरे’ही. गिऱ्हाइकाशी पोर्तुगीज बोलावं लागतं. त्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ला शब्द एकच.