डाव दिसत नाही तो

पहाटेचे साडेचार. कोल्हापुरातली एक तालीम. कुस्तीचा हौदा, म्हणजे मातीचा आखाडा, नुकताच फावड्यानं उकरून झालाय. ताक, लिंबू, हळद मुरलेल्या या तांबड्या मातीला एक वास असतो. तो काही पडद्यातून तुमच्यापर्यंत पोचायचा नाही.

जोर झाले, आता बैठका. पाचशे, सातशे, हजार. मोजणारा कंटाळतो, मारणारा नाही.

आता हा डाव बघा. कलाजंग. मुद्दाम सावकाश दाखवतोय. एका हातानं दंड धरला, डोकं काखेखालून आत, दुसरा हात मांड्यांमधून... आणि ऐंशी किलोचा गडी खांद्यावर. इथं थांबू. खालून वर येताना गुडघे आणि कंबर एकदम सरळ झाली, सगळा खेळ तिथं आहे. स्नायूला पूर्ण ताकद लावायला साधारण ०.३ सेकंद तरी लागतात, कधी जास्तच. समोरचा तेवढा वेळ देत नाही. तो मागं सरकतो, अंग टाकतो. म्हणून अंगात ताकद किती, यापेक्षा त्या पहिल्या क्षणात त्यातली बाहेर किती येते, ते महत्त्वाचं. तालमीत याला साधा शब्द आहे: झटका.

हजार बैठकांनी दम येतो, मांड्या भरतात. झटका मात्र दमलेल्या पायांना शिकवता येत नाही.

शेजारच्या खोलीत गदा, करेल (जड लाकडी मुद्गल) यांच्या जोडीला आता लोखंडी बार आलाय. हा पोरगा पॉवर क्लीन मारतोय. जमिनीवरचा बार एका हिसड्यात खांद्यावर. नीट बघा, कंबर तशीच उघडते, कलाजंगसारखी. तीन वेळा उचलला, ठेवला, आणि बसला. तीन मिनिटं नुसता बसला.

हे बसणंच सगळ्यात अवघड. दारातून जाणारा जुना पैलवान हटकतोच, "काय रं, एवढ्यात दमलास व्हय?"

दमला नाही. अशा हिसड्याला स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे झटपट ताकदीचा साठा, लागतो. तो काही सेकंदांत संपतो आणि बरंचसं परत भरायला तीनेक मिनिटं जातात. घाईनं चौथा, पाचवा, दहावा मारला की बार वर जातो, पण रेंगाळत. मग ती बैठकच झाली, महागडी.

अर्थात, आधी स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) आणि डेडलिफ्टनं (जड बार जमिनीवरून मांड्यांपर्यंत उचलणं) पाया घातलेला हवा. ताकदच नसेल तर झटका कशाचा मारणार? आणि हे सगळं सरावाच्या लढतीच्या आधी, ताज्या अंगानं, आठवड्यातून दोनदा. लढत करून, माती पुसत बारकडे येणारे बघितले की वाईट वाटतं.

बैठका सोडायच्या का? मुळीच नाही. मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, दुसऱ्या फेरीत दमच कामाला येतो.

चला, परत हौद्यात. तोच पोरगा, तोच डाव. या वेळी वेग कमी केलेला नाही.

नाही ना दिसला? उडालेली माती तेवढी दिसली.