पाऊण तासाची सावली

(दृश्य: केळीने भरलेला ट्रक वळतो. मशिदीचं दार. वजूखान्याशेजारची, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुतात त्या जागेजवळची भिंत.)

रावेर तालुक्यातलं तापीकाठचं गाव. बाहेर केळीचे घड ट्रकवर चढतायत. आत भिंतीवर वर्षभराच्या नमाजांच्या वेळांचा तक्ता लावलाय. जरा जवळ जाऊन बघा. पहाटेच्या फजरला एक रकाना, दुपारच्या जोहरला एक, सूर्यास्तानंतरच्या मगरीबला एक. तिसऱ्या प्रहरच्या असरला मात्र दोन. वर बारीक अक्षरात लिहिलंय, शाफई आणि हनफी. हे दोन मजहब, म्हणजे धर्मनियम समजून घेण्याच्या परंपरा.

"लोक विचारतात, मौलाना, अल्लाह एक, कुराण एक, मग वेळा दोन कशा?" इथले पेशइमाम सांगतात. "मी म्हणतो, वेळ काढून बसा इथं दुपारभर."

आम्ही बसलो.

(दृश्य: अंगणातली फरशी. दोन विटा, लाकडी पट्टी, खडू.)

डिसेंबरची दुपार. मौलानांनी एका पोराच्या दप्तरातली बारा इंची पट्टी मागून घेतली आणि दोन विटांमध्ये ताठ उभी केली. साडेबाराला पाच-सात मिनिटं कमी असताना सावली सगळ्यांत आखूड झाली. आखूड म्हणजे किती? मोजली, तर जवळजवळ पट्टीएवढीच. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात याच फरशीवर भरदुपारी ती शोधावी लागते. मौलानांनी टोकाशी रेघ ओढली. ही साया-ए-असली, मूळ सावली. पुढच्या मोजणीतून ती वजा करायची.

मग चहा झाला. जोहरची जमात, म्हणजे सामूहिक नमाज, झाली. सावली ईशान्येकडे सरकत लांबत गेली.

साडेतीनच्या सुमाराला सुतळी लावली. दोन फुटांना थोडी कमी. मूळ सावली सोडली तर एक पट्टी. एक मिसल, म्हणजे वस्तूच्या उंचीएवढी सावली. ज्यांच्या नावानं मजहब चालतात त्यांपैकी इमाम मालिक, इमाम शाफई आणि इमाम अहमद बिन हंबल यांच्या मते असरची वेळ इथं लागली. मौलाना उठले नाहीत. सव्वाचारच्या सुमाराला सावली तीन फुटांशी आली. दोन मिसल. हनफी मजहबाचे इमाम अबू हनीफा यांच्या प्रसिद्ध मताप्रमाणे असर आत्ता सुरू झाली. खडूच्या दोन खुणांमध्ये बारा इंच, आणि घड्याळात पाऊण तास.

आता गंमत ऐका. अबू हनीफांचे दोन बिनीचे शिष्य, अबू यूसुफ आणि मुहम्मद बिन हसन, यांनी या बाबतीत उस्तादाचं मत घेतलं नाही. दोघंही एक मिसलवाले. आणि हनफी फिकह, म्हणजे धर्मनियमांचं शास्त्र, आज ज्या ग्रंथांवर उभी आहे, त्यांतले पायाचे ग्रंथ याच मुहम्मद बिन हसन यांचे. इमाम शाफईंचा जन्म इ.स. ७६७ चा, अबू हनीफा वारले त्याच सालचा. शाफई मदिनेत मालिक यांच्याकडे शिकले, इराकमध्ये याच मुहम्मद बिन हसन यांच्याकडे शिकले, आणि दोघांहून वेगळा मजहब मांडला. इमाम अहमद त्यांच्याकडे शिकले, तेही पुढे आपल्या वाटेनं गेले.

(दृश्य: मौलानांचं बोट जुन्या किताबीच्या ओळींवरून फिरतं.)

मौलाना बुखारी या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांची नोंदलेली आठवण, वाचतात. खंदकाची लढाई संपली होती. पैगंबरांनी सांगितलं, बनू कुरैझा या टोळीच्या वस्तीत पोचल्याशिवाय कोणी असर पढू नये. वाटेतच वेळ जायला आली. काही सहाबांनी, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांनी, वाटेत नमाज पढली. त्यांच्या मते सांगण्याचा मतलब एवढाच, की लवकर पोचा. बाकीच्यांनी शब्द धरला आणि थांबले. पैगंबरांपुढे गोष्ट गेली. त्यांनी दोघांतल्या कोणालाच बोल लावला नाही.

(दृश्य: सफ, म्हणजे नमाजाची रांग, लागते. टोकाला चष्मा घातलेले गुरुजी.)

हे रत्नागिरीचे, म्हणजे शाफई. इथल्या उर्दू शाळेत बदलून आलेत. कोकणात फजरला ते कुनूत ही दुआ पढतात. इथले इमाम हनफी, ते पढत नाहीत. गुरुजी त्यांच्याच मागे उभे राहतात. मक्केजवळच्या मिनामध्ये खलिफा हजरत उस्मान यांनी प्रवासातल्या दोन रकातींऐवजी (नमाजाच्या टप्प्यांऐवजी) चार पढवल्या, तेव्हा सहाबी इब्ने मसऊद यांना ते पटलं नव्हतं. तरी त्यांच्यामागे चार पढले. कोणी टोकलं तेव्हा म्हणाले, भांडण वाईट.

मग सामान्य माणसानं करायचं काय? "पाच नमाजा फर्ज आहेत, त्यात कोणाचं दुमत नाही," मौलाना म्हणतात. "बारकाव्यांत आहे. ज्याच्या इल्मवर भरोसा आहे अशा एका आलिमला विचारा आणि त्यावर चाला. आज सोपं म्हणून याचं, उद्या फायद्याचं म्हणून त्याचं, असं नको. केळीला खत किती, हे दोन साहेब दोन तऱ्हेनं सांगतात. तुम्ही एकाचं ऐकता. दुसऱ्याच्या बागेत कोयता घेऊन जाता का?"

कोयता नाही, पण मोबाइलवरची तीस सेकंदांची क्लिप घेऊन जातात. या भागात चांद दिसला की नाही यावरून एकाच घरात दोन ईद झाल्यात, ठरलेल्या सोयरिकी मोडल्यात.

(दृश्य: मावळतीचं ऊन. फरशीवर खडूच्या खुणा, त्यांवरून जाणारे ओले पाय.)

मगरीबला सगळे एकदम आले. सलाम फिरवून होतो न होतो तोच तो पोरगा मौलानांसमोर हात पुढे करून उभा. पट्टी हवीय. उद्या भूमितीचा पेपर आहे.